न उठणारा संगणक : लक्षणे, निदान आणि घरगुती उपचार

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ ही एक तक्रार नसून निदान चार तक्रारींचे सामायिक नाव आहे. पहिलीत बटण दाबूनही काहीच घडत नाही. दुसरीत पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. तिसरीत काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटतात आणि सगळे तिथेच थांबते. चौथीत विंडोजचे चित्र येते, खालची पट्टी पळते, घरात आनंद पसरतो, आणि मग निळा पडदा येतो किंवा सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुरुस्तीवाल्याला फोनवर या चारही गोष्टी त्याच एका वाक्यात कळवल्या जातात. ‘पडद्यावर काय लिहून येतंय?’ असे त्याने विचारले तर ‘काहीतरी इंग्लिशमध्ये येतंय’ हे उत्तर ठरलेले असते. ते काहीतरी वाचून दाखवायला सांगणे हा उद्धटपणा समजला जातो.

जुना संगणक म्हणजे इथे साधारण १९९८ ते २०१० या काळात असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप. त्याचा कॅबिनेट मुळात पांढरा असतो, आता चहाच्या रंगाकडे झुकलेला. एका बाजूचा पत्रा स्क्रू न लावता नुसता टेकवलेला असतो, कारण ‘परत उघडावा लागतोच’. त्याचे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आलेले असतात, आणि कोणता भाग कधी बदलला याची नोंद फक्त जोडून देणाऱ्याच्या डोक्यात असते. जोडून देणारा एव्हाना प्लॉटिंगच्या धंद्यात गेलेला असतो.

बटण दाबल्यापासून विंडोज येईपर्यंतचा क्रम मात्र पक्का आहे. आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर करतो आणि तसा इशारा मदरबोर्डला देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाही. मग प्रोसेसर बायोस नावाच्या चिपमधला प्रोग्रॅम वाचू लागतो आणि रॅम, डिस्प्ले, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. हजेरी झाली की ठरवून दिलेल्या डिस्कवरचा अगदी पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा उचलला जातो. या तुकड्याच्या शेवटी ५५ आणि एए हे दोन बाइट असावे लागतात; नसले तर बहुतेक बायोस त्या डिस्कला दारातूनच परत पाठवतात. असले तर सूत्रे त्या तुकड्याकडे जातात, तो आपल्याहून मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमला. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये आपला पहिला पीसी जाहीर केला तेव्हापासून या साखळीचा सांगाडा पुढची पंचवीसेक वर्षे फारसा बदलला नाही.

यंत्र ज्या पायरीवर अडते तिथे ते बहुधा काहीतरी खूण ठेवते: शिटी, ओळ, आकडा, निदान एखादा न लागलेला दिवा. माणसे मात्र शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधी ‘फॉरमॅट मारा’, ते न जमल्यास ‘व्हायरस असेल’, मग ‘मदरबोर्ड गेला’, आणि दोन दिवसांनी कोणीतरी भिंतीवरचे बटण पाहते.

भोवती जमणाऱ्या तज्ज्ञांचे दोन प्रकार आढळतात. एमएस-सीआयटी झालेला भाचा प्रत्येक दुखण्यावर रीस्टार्ट सुचवतो. संगणक मुळात स्टार्टच झालेला नाही ही अडचण तो मोजत नाही. बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका सगळा दोष धुळीला देतात. आकडेवारी कोणी ठेवलेली नाही, पण काका बरोबर निघण्याचे प्रमाण भाच्याला अस्वस्थ करण्याइतके असते.

पहिली तक्रार, म्हणजे काहीच न घडण्याची, विजेची असते. स्पाइक गार्डला एक लाल बटण असते आणि ते मिक्सरसाठी बंद केलेले असते. यूपीएसची बॅटरी मेलेली असते; भारनियमनाच्या काळात घेतलेला हा यूपीएस आता केवळ मध्ये बसायचे म्हणून बसलेला असतो. हे दोन्ही वगळले तर एसएमपीएस तपासतात. त्याची रीत सोपी आहे. डब्यातून मदरबोर्डकडे जाणाऱ्या रुंद प्लगमध्ये एकच हिरवी तार असते. प्लग मदरबोर्डमधून काढून ती हिरवी आणि शेजारची कोणतीही काळी तार यू-पिनने जोडली की डबा चांगला असल्यास त्याचा पंखा फिरू लागतो. पंखा फिरला म्हणजे डबा निर्दोष सुटला असे नाही, पण फिरला नाही तर तो बहुधा गेला. डबा स्वतः उघडून पाहू नये. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ राहते आणि ती कोणाला लागायचे हे पाहत नाही.

डब्याच्या मागे बऱ्याचदा ११५ आणि २३० असे लिहिलेला छोटा लाल खटका असतो. अमेरिकेतल्या आणि इथल्या विजेच्या दाबातला फरक त्यात सामावलेला आहे. घरातल्या लहान मुलाने तो एकदा तरी सरकवलेला असतो. ११५वर ठेवून भारतीय वीज दिली की मोठा आवाज होतो, करपट वास येतो आणि निदान आपोआप होते.

कॅबिनेट उघडल्यावर काय सापडेल हे प्रदेशावर अवलंबून आहे. मुंग्या सगळीकडे असतात. एसएमपीएसच्या जाळीतून शिरलेली आणि उबेला राहिलेली पाल सापडणे दुर्मीळ नाही. कधी तिची फक्त शेपटी पंख्यात असते. खंडेनवमीला शस्त्रपूजनात संगणकाचाही मान असल्यामुळे फ्लॉपीच्या फटीत हळदकुंकू, सीडी ड्राइव्हच्या ट्रेवर अक्षता आणि पंख्याच्या पात्यांवर उदबत्तीची राख असा ऐवजही मिळतो. यातले कुंकू सगळ्यांत चिवट. ते ब्लोअरने उडत नाही, पसरते, आणि ब्रशने घासावे तर सगळ्या मदरबोर्डालाच सौभाग्य लाभते.

दुसऱ्या तक्रारीत, पडदा काळा असताना, संगणक शिट्ट्या वाजवून बोलतो. हजेरीत गैरहजर कोण हे पडद्यावर लिहिता येत नसेल, कारण पडद्याची सोयच गैरहजर असेल, तर सांगायचे कसे, यावर ही तोड निघाली. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. लांब शिटी पुन:पुन्हा वाजत राहिली तर बहुधा रॅमची. इतर कंपन्यांची भाषा वेगळी, म्हणून आधी बायोस कोणाचा ते पाहावे लागते. मराठी घरात शिट्ट्या कुकरच्या मोजतात तशाच याही मोजल्या जातात, म्हणजे तिसरीनंतर वाद होतो. एकूण किती झाल्या यावर सगळे भांडतात; लांब किती आणि आखूड किती, हे कोणीच लक्षात ठेवलेले नसते. शिवाय स्वस्तातल्या कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकर जोडलेलाच नसतो. तेव्हा संगणक तळमळून सांगत असतो आणि त्याला आवाजच नसतो.

रॅमवरचा उपाय देशभर एकच आहे: खोडरबर. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंचे चाप उघडून काढावी, तिच्या कडेची सोनेरी दाते असलेली बाजू पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासावी, कण झटकावे, पट्टी परत बसवावी आणि चाप ‘टक’ म्हणेपर्यंत दाबावी. दमट हवेने आणि बोटांच्या तेलाने दातांवर चढलेली पुटे यात निघतात. कोकणात पावसाळ्यानंतर हा विधी वार्षिक असल्यासारखा पार पडतो. उपाय इतका साधा आहे की ग्राहकासमोर करणे दुरुस्तीवाल्याला परवडत नाही. तो ‘दुकानात घेऊन जावा लागेल’ म्हणतो, तिथे खोडरबर काढतो आणि संध्याकाळी संगणक परत आणतो. पावतीवर ‘सर्व्हिसिंग’ असे लिहिलेले असते, आणि ते खोटे म्हणता येत नाही.

खोडरबर हरल्यावर मदरबोर्ड डोळ्यांनी पाहतात. प्रोसेसरभोवती छोटी पिंपे उभी असतात, तेच कपॅसिटर. त्यांची डोकी सपाट हवीत. डोके फुगलेले किंवा वरून तपकिरी चिकट द्रव आलेला असेल तर रोग कळला. १९९९ ते २००७च्या सुमारास बनलेल्या असंख्य बोर्डांना सदोष कपॅसिटरांची साथ लागली होती आणि तिने जगभरच्या नामांकित कंपन्यांना घाम फोडला. काही रुपयांचा हा भाग बदलणारा सोल्डरिंगवाला सापडला तर बोर्ड जगतो. तो सहसा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, मागे, पडद्याआड बसलेला असतो.

तिसऱ्या तक्रारीत यंत्र सरळ शब्दांत बोलते आणि ऐकणाराच कमी पडतो. बायोसच्या सर्व संदेशांत अजरामर ठरलेला एक असा: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. ज्याने तो लिहिला त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तोवर कीबोर्ड शोधून लावायचा असतो. जुन्या बोर्डाला मागे दोन गोल खाचा असतात, जांभळी कीबोर्डची, हिरवी माऊसची. टेबलामागे अंधारात हात घालून प्लग बसवणाऱ्याला रंग दिसत नाहीत आणि दोन्ही खाचा आकाराने अगदी सारख्या असतात.

दुसरा वारंवार दिसणारा मजकूर तारखेबद्दल कुरकुरतो, किंवा साठवलेल्या सेटिंगची बेरीज जुळत नाही असे सांगतो. त्यामागे मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी असते. सीआर२०३२ या तिच्या नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ती तीन व्होल्टची. संगणक बंद असताना घड्याळ चालवणे आणि बायोसची सेटिंग टिकवणे एवढेच तिचे काम. ती संपली की संगणक रोज सकाळी आपल्या जन्मसालाच्या आसपास जागा होतो. अँटिव्हायरस गोंधळतो, सुरक्षित वेबसाइट दार लावून घेतात, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मार्चअखेर येतच नाही.

एवढ्यावर भागले तर बरे. पण सेटिंग पुसली गेली की बायोस आपल्या मूळ समजुतींवर परत जातो, आणि सुमारे २००५नंतरच्या काही बोर्डांवर त्यात साटा डिस्क हाताळण्याची पद्धतही बदलते. विंडोज एक्सपी ज्या पद्धतीवर बसवलेली असते ती गेली की तिला आपलीच डिस्क दिसेनाशी होते आणि ‘७बी’ क्रमांकाचा निळा पडदा येतो. इथे अनुभवी माणसे विंडोज पुन्हा टाकतात, लग्नाचे फोटो घालवतात आणि आठवड्याने पुन्हा त्याच निळ्या पडद्यापाशी येतात, कारण तीस-चाळीस रुपयांची बॅटरी बदलायची राहिलेली असते.

मग ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती ऑपरेटिंग सिस्टिम न सापडण्याचे संदेश. विंडोज एक्सपीच्या काळात ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हे वाक्य पाहून कित्येकांनी नवा संगणक घेतला. एनटीएलडीआर ही एक छोटी फाइल. विंडोजला उठवण्याचे काम तिचे. पुष्कळदा ती हरवलेली नसतेच. बायोसला ती भलत्या ठिकाणी शोधायला लावलेले असते, आणि ते ठिकाण म्हणजे संगणकाला टोचून ठेवलेला, भजनांनी भरलेला पेनड्राइव्ह. त्याआधीच्या पिढीत हेच पाप फ्लॉपीचे होते. ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी सापडली की ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असे म्हणून यंत्र ती बदलून कोणतीही कळ दाबायला सांगे. ‘कोणतीही’ नावाची कळ शोधणाऱ्यांचे विनोद जगभर सांगितले गेले. फ्लॉपी काढायची असते हे वाचणाऱ्यांची संख्या त्यामानाने कमी राहिली.

विसरलेल्या फ्लॉपीचे आणखी एक फळ होते. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस डिस्कच्या त्या पहिल्याच तुकड्यात जाऊन बसे. त्यात भावांची नावे, पत्ता आणि फोन नंबरही होता. इतका सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच फुटला. तो डिस्क तर खराब करीच, काही बोर्डांवर बायोसची चिपही पुसून टाकी, म्हणजे हजेरी घेणाराच गायब. त्या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकाकडे वळलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी क्विक हील उभे केले. त्याच्या सीड्या मराठी दुकानांतून इतक्या खपल्या की आजही बिघाड कोणताही असो, ‘व्हायरस असेल’ हे निदान गावोगाव तयार असते.

कोणत्या डिस्कवरून उठायचे तो क्रम बायोसमध्ये शिरून बदलता येतो. त्यासाठी सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत डिलीट, एफ२ किंवा बोर्डाला प्रिय असलेली दुसरी एखादी कळ दाबायची असते. कोणती, ते पडद्याच्या तळाशी लिहून येते. पण जुना, पाठीमागे पोट सुटलेला मॉनिटर उजळायलाच पाच-सहा सेकंद घेतो. तो उजळेपर्यंत ओळ येऊन गेलेली असते. म्हणून जाणकार मॉनिटर आधी लावून ठेवतात आणि बाकीचे सगळ्याच कळा वाजवतात. यूएसबी कीबोर्ड असल्यास काही जुने बायोस तोही मानत नाहीत, आणि तो मानावा हे सेटिंग बायोसच्या आत, कीबोर्डनेच बदलायचे असते.

या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वागणूक लिनक्सच्या लिलो या जुन्या बूट लोडरची. त्याच्या नावात चार अक्षरे, आणि एकेक टप्पा पार पडेल तसे तो एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही उमटली तर सारे ठीक. पहिल्या दोनांवर थांबला तर दुसरा टप्पा मेमरीत आला, पण सुरू झाला नाही. मरताना कुठवर पोचलो ते सांगून मरणारा प्रोग्रॅम हा सॉफ्टवेअरच्या इतिहासातला दुर्मीळ सज्जन म्हणावा लागेल.

चौथ्या तक्रारीत हजेरी, तुकडा, लोडर सगळे पार पडून विंडोज स्वतः कोसळते. एफ८ दाबून सेफ मोड, डिस्कची तपासणी, शेवटची चांगली सेटिंग, ही वाट बहुतेकांना ठाऊक आहे. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तर सर्वांनाच. ते त्रिकूट आयबीएमचे अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांनी बसवले, चुकून दाबले जाऊ नये म्हणून तीन कळांचे. प्रसिद्धीचे श्रेय पुढे त्यांनी जाहीरपणे बिल गेट्सना देऊन टाकले, शेजारी गेट्स बसलेले असताना.

यापुढे कान लावावा लागतो. हार्ड डिस्क फिरते आणि ठरावीक अंतराने ‘टिक्, टिक्’ करते, तर वाचणारे डोके आपली जागा शोधत आहे आणि त्याला ती सापडत नाही. अशी डिस्क पुन:पुन्हा चालू करणे म्हणजे उरलेला डेटाही खरवडून काढणे. तरी लोक ती चालू करतात, थोपटतात, उलटी धरतात. डिस्क पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक उपायही प्रचलित होता. धातू आक्रसून अडकलेला भाग सुटतो असा त्यामागे तर्क होता आणि एखाद्या वेळी ती तेवढ्यापुरती चालेही. बाहेर काढल्यावर आत धरणाऱ्या दवाचा तर्क मात्र कोणी करीत नसे. इडलीच्या पिठाशेजारी दोन रात्री काढलेली डिस्क व्यावसायिक डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेली की तो आधी तिचा वास घेतो.

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे हा शेवटचा मार्ग वाटतो तितका मोकळा नाही. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती या यंत्राच्या आजोबांनीही पाहिलेली नाही. मग इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी लिनक्सचा आग्रह धरतो, पेनड्राइव्ह तयार करून आणतो, आणि जुना प्रोसेसर ३२ बिटांचा असल्याचे सांगून लिनक्सही हात वर करते. उबुंटूने असे प्रोसेसर २०१७च्या सुमारास सोडले. डेबियनसारख्या धीराच्या मंडळींनीही २०२५मध्ये त्यांच्यासाठी नवा इन्स्टॉलर काढणे थांबवले. जुन्या आवृत्त्या चालतात. त्या शोधून, सीडीवर लिहून, सीडी ड्राइव्हचा ट्रे टाचणीने उघडून बसवेपर्यंत विद्यार्थ्याची सेमिस्टर सुरू झालेली असते.

तेव्हा डिस्क काढून, यूएसबीच्या केसमध्ये घालून नव्या संगणकाला जोडतात आणि फाइली उतरवून घेतात. घरगुती संगणकाचे प्रकरण इथे संपते. छापखान्याचे संपत नाही. तिथे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डे आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत बसवलेले असतात. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे ठेवून काम भागवत. फाँट नसेल तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी डॉलरची चिन्हे, महिरपी कंस आणि दोन-चार कॅपिटल अक्षरे उभी राहतात. फाँटचे सॉफ्टवेअर आहे, पण ते प्रिंटरच्या जुन्या, पंचवीस भोकांच्या पोर्टला लावायच्या कुलपाशिवाय चालत नाही. कुलूपही ड्रॉवरमध्ये आहे. नव्या संगणकाला ते पोर्ट नाही. म्हणून मालक नव्या संगणकावर कापड टाकतो आणि तसलाच आणखी एक जुना संगणक मिळतो का ते पाहायला बाजारात जातो. जाताना जुन्यातली रॅम सोबत घेतो, खोडरबर खिशात असतोच.